होडीची खांदेमळणी

पाण्याला भिणारे नावाडी असतात आणि वाऱ्याला भिणारेही असतात, पण माणसाच्या बोटाला भिणारा नावाडी या पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. कुणी मोकळा हात हलवत त्यांच्या होडीच्या दिशेने निघालं, की मामा अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून "हात, हात" करत धावत येत. माणसाच्या बोटाला तेल असतं, ते घासलेल्या लाकडाला लागतं, लागलं की तिथं रंग धरत नाही, रंग धरला नाही की लाकूड पाणी पितं, आणि लाकूड पाणी प्यायलं की माणूस बुडतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाने होडीला बोट लावणारा माणूस हा खुनीच ठरायचा. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो तेव्हा होडी नुकतीच घासून झाली होती. मामांनी मला आधी नळावर नेलं, धुण्याच्या सोड्याने कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि वर आपले जुने सुती मोजे माझ्या दोन्ही हातांत चढवले. नवा जावई हातात मोजे घालून मामेसासऱ्यांना वाकून नमस्कार करतोय, हे बघून माझ्या बायकोला इतकं हसू आलं की ती आत निघून गेली. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "एहतियात म्हणून," ते म्हणाले. एहतियात म्हणजे खबरदारी. मामांचं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, आणि पोलीस ॲक्शननंतर सगळा कारभार मराठीत आला तरी काही शब्द त्यांनी सरकारजमा केले नव्हते.

आता औरंगपुऱ्याच्या गल्लीत होडी कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारायचे. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक शेजाऱ्याला हाक मारून उठवतात, त्या शहरात एका सभ्य माणसाच्या दारात शिडाची होडी पालथी पडलेली असावी, ही गोष्ट कुणालाच पचत नसे. झालं होतं ते असं. मामा मोजणी खात्यात नोकरीला होते. जन्मभर लोकांच्या जमिनी साखळीने मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून कासावीस झाले. त्याच सुमाराला पैठणचं धरण भरलं होतं आणि शहरातले काही शौकीन लोक रविवारी तिथं शिडाच्या होड्या घेऊन जाऊ लागले होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातल्या साहेबांची बदली झाली, होडीचं काय करावं हे त्यांना कळेना, आणि मामांनी ती घरी आणली. होडी टेम्पोवर चढून गल्लीत शिरली ती भाजीच्या हातगाड्यांमध्ये बोळ्यासारखी अडकली. पुढं जाईना, मागं येईना. समोरच्या दुकानातले टेलरचाचा मशीन थांबवून बाहेर आले आणि म्हणाले, "क्या मामू, नल को पानी नहीं और आप नाव लेके आए?" मामा टेम्पोतून उतरून शांतपणे म्हणाले, "चचा, नाव पानी के पास जाती. पानी नाव के पास नहीं आता." या उत्तराने चाचांचं काय समाधान झालं देव जाणे, पण त्यांनी दुकानातली पोरंबिरं सोडून स्वतः खांदा लावला आणि होडी अंगणात आणून दिली.

खरं सांगायचं तर मामांना होडी चालवण्यात फारसा रस नव्हताच. वारा पडला की ते धरणाच्या मधोमध निवांत पेंगत बसत आणि वारा सुटला की किनाऱ्याला लागत. त्यांचा सगळा जीव होता तो होडीच्या बुडात. जो भाग पाण्याखाली जातो, जो कुणाला कधी दिसत नाही, त्या भागावर त्यांनी म्हातारपण उधळलं. दर वर्षी ज्येष्ठात होडी टेम्पोने घरी यायची, वाळूच्या पोत्यांवर पालथी निजायची आणि मग तिची सेवा सुरू व्हायची. आधी पत्र्याच्या पट्टीने जुना रंग खरवडायचा. मग पाणी शिंपडून पॉलिश पेपर मारायचा, तोही मामांच्या तालात. घाई केली तर पेपर काढून घेत. मग चिरांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा पेपर. मधूनमधून मामा डोळे मिटून हाताची पालथी बाजू लाकडावरून फिरवत. "तळहात खोटं बोलतो, जावईबापू. पालथा हात खरं सांगतो," असं त्यांचं मत होतं. शेवटी टर्पिनमध्ये भिजवलेल्या बोळ्याने सगळं बूड पुसून काढायचं आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही, वाऱ्यानेसुद्धा जपून यायचं. पाणी कुठवर येणार ती रेघ मारायची वेळ आली की आतला मोजणीवाला जागा व्हायचा. मी दोरीचं एक टोक धरून उभा, मामा दुसरं टोक धरून एक डोळा मिटून उभे, आणि रेघ काही केल्या त्यांच्या मनासारखी येईना. "तुमच्याकडून ढिलं पडतंय," असं ते म्हणत. आमच्या घरात माझ्याविषयी हे मत आधीपासूनच होतं, पण त्याला सरकारी मोजणीचा आधार मामांनी दिला.

अंगणात एवढी गुळगुळीत, उन्हात तापलेली उतरती जागा रिकामी पडलेली बघून गल्लीतल्या बायकांचे हात शिवशिवत. एकदा शेजारच्या वहिनींनी दुपारच्या वेळी हळूच तिच्यावर कुरडया वाळत घातल्या. मामा झोपेतून उठून बाहेर आले आणि होडीच्या बुडावर ती पांढरी वेटोळी बघून मटकन ओट्यावर बसले. ओरडले नाहीत. फक्त क्षीण आवाजात "मोहन घातलंय का हो यात?" एवढंच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाय हो मामा, कुरडईत कुठं मोहन असतंय." तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. तरी त्यांनी सगळं बूड पुन्हा घासलंच.

पण खरी पंचाईत पावसाची होती. रंग लागायला उघडीप पाहिजे, आणि मामांचा नियम असा की रंगाचा पहिला हात पोळ्याच्या सकाळीच द्यायचा. लासूर स्टेशनजवळ त्यांची वडिलोपार्जित शेती होती. पोळ्याच्या सकाळी बैलांची शिंगं रंगवायची ही लहानपणापासूनची सवय, तेव्हा रंगाचा मुहूर्त दुसरा असूच शकत नाही असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यामुळे श्रावण संपत आला की अख्खा मराठवाडा वर बघून पाऊस मागायचा आणि औरंगपुऱ्यातला एक माणूस वर बघून ऊन मागायचा. होडीच्या पहिल्या वर्षी मामींना हे अजिबात खपत नसे. "जावईबापू, सांगा यांना," त्या स्वयंपाकघरातून म्हणत, "समदं गाव पाण्यासाठी तळमळतंय, अन् यांना उघडीप पाहिजेल. देव काय यांच्या एकट्याचा हाय का?" मामा तीन हातांवरच बसलेले असत. ते मान वर न करता म्हणत, "जावईबापू, त्यांना म्हणावं, शेतावर पाऊस पडू द्या, मी फक्त अंगणापुरतं मागतोय."

या बोलण्यात मी का होतो, ते आता सांगायला हवं. मामी तेव्हा मामांशी बोलत नसत. म्हणजे स्वयंपाक करत, चहा देत, दुखलंखुपलं बघत, पण बोलणं सगळं तिसऱ्याच्या तोंडून. तिसरा माणूस घरात नसला तर भिंतीला सांगत, मांजराला सांगत. कारण एकच होतं. मामा शहरात नोकरी करत होते तेव्हा गावाकडची शेती सगळी मामींनी सांभाळली होती. हौशा आणि पाखऱ्या अशी बैलजोडी होती, दोघंही घरच्याच गाईंचे. वासरं असताना मामींनी त्यांना आजारपणात बाटलीने दूध पाजलेलं. मामा निवृत्त झाले आणि म्हणाले, आता पुष्कळ झालं, तुझे गुडघे गेले, शहरात चल. जमीन चुलत भावाला बटईने दिली. भावाकडे ट्रॅक्टर होता, बैलांचं काय करणार? मामांनी जोडी लासूरच्या बाजारात नेऊन विकली, आणि ती मामींना न विचारता विकली. दुखवायला नव्हे हो. त्यांना वाटलं, बायको रडेल, त्यापेक्षा होऊन जाऊ दे आणि मग सांगू. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधाचे तंटे मिटवणाऱ्या माणसाला आपल्या घरातली हद्द कळली नाही. मामी शहरात आल्या, संसार मांडला, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मामांनी जमेल ते सगळं केलं. चूक झाली म्हणाले. दुसरी जोडी घेऊ म्हणाले. मामी भिंतीला म्हणाल्या, "दुसरी जोडी म्हंजी दुसरी." मग मामा पॉलिश पेपर घेऊन बसले. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला होडीचं खूळ लागलंय. मला वाटतं, घरात कुणी बोलत नसलं की माणसाला हाताला काहीतरी काम लागतं.

होडी घरी आल्यावरचा तो पहिला पोळा. आदल्या संध्याकाळी होडी घासून, पुसून, अगदी रंगाला टेकली होती. मामा नवा ब्रश आणायला कोपऱ्यावर गेले होते आणि मला ओट्यावर पहाऱ्याला बसवून गेले होते, कारण चिमण्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. एवढ्यात आतून मामी आल्या. हातात वाटी. मला वाटलं, तुळशीला काहीतरी असेल. त्या तुळशीपाशी थांबल्या नाहीत. सरळ होडीपाशी गेल्या, पदर खोचला, वाटीत बोटं बुडवली आणि होडीच्या पुढच्या अंगाला, जिथं ती निमुळती होत जाते तिथं, दोन्ही बाजूंनी तूप आणि हळद चोळू लागल्या.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जोखड ओढून ओढून खांदा सुजलेला, कातडं निबर झालेलं. त्याला तूप-हळद लावून हळुवार चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मामींनी लग्न होऊन आल्यापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं. आणि आता दावणीला कुणी नव्हतं, अंगणात हे एवढं थोरलं धूड मान खाली घालून बसलं होतं. त्या त्याचा खांदा शोधून चोळत होत्या, तळहात टेकवून, अंगातलं सगळं बळ लावून, आणि हळू आवाजात म्हणत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

माझ्या तोंडून "मामी, हात" एवढं यायला निघालं होतं ते तिथंच राहिलं. फाटकात मामा उभे होते. काखेत ब्रशचं पुडकं. ते सगळं बघत होते. शेजारणीच्या कुरडयांनी ज्या माणसाचे पाय गळले होते, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या घासलेल्या, पुसलेल्या लाकडात वाटीभर तूप मुरत होतं. आता हा माणूस ओरडणार, आणि या घरात उरलंसुरलं जे होतं तेही आज संपणार, याबद्दल मला शंका राहिली नाही. मामा तसेच फाटकात थांबले. मामींचं आटोपेपर्यंत आत आले नाहीत. त्या हात पुसत घरात गेल्या तेव्हा कुठं ते आले, ब्रश खाली ठेवला आणि माझ्याजवळ बसले.

सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. लख्ख ऊन पडलं होतं. मामांच्या एका हातात टर्पिनचा बोळा होता आणि समोर होडीच्या दोन्ही खांद्यांवर पिवळे पंजे उमटलेले होते, बोटं न् बोटं दिसत होती. तेल निघायला टर्पिन असतं, आणि ते भराभर पुसलं असतं तर निम्मं तरी निघालं असतं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. त्यांनी बोळा तिथवर नेला. मग डब्याच्या झाकणावर ठेवून दिला आणि ब्रश घेतला. त्या पिवळ्या पंजांवरून त्यांनी लाल प्रायमर ओढला. इतका हळू हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी न राहवून म्हटलं, "मामा, धरणार नाही हो तो." ते म्हणाले, "मला काय शिकवता?"

दुपारी मामी पुरणपोळी घेऊन बाहेर आल्या. ताट होडीपुढं ठेवलं, दोन्ही बाजूंनी फिरून रंग बघितला, आणि मग ज्या बाईने इतके महिने भिंतीशी, मांजराशी आणि माझ्याशी संसार केला होता, ती नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "बसला का हो रंग चांगला?"

मामांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "लई चांगला बसला."

तो रंग महिनाभरही टिकला नाही. बाकी सगळं बूड जसंच्या तसं, पण पुढच्या दोन्ही खांद्यांवर रंगाचे पापुद्रे सुटले, भिंतीचा पोपडा सुटावा तसे. धरणावरच्या मंडळींना तर आयतं निमित्त मिळालं. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, मामांच्या व्याख्यानांनी सगळ्यांत जास्त पिडलेले. ते म्हणत, "मामा, आम्हाला हात धुवायला लावता आणि तुमचाच रंग निघतो?" मामा खाली बघून म्हणत, "रंगच हलका निघाला यंदा." पुढच्या वर्षी म्हणाले, दमट हवा होती. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, वय झालं, आता हात चालत नाही. असली कबुली त्यांनी मोजणी खात्यात साहेबालासुद्धा दिली नसती. दर वर्षी होडी घरी आली की मामी बाहेर येण्याआधी तिच्यावर ताडपत्री पडायची, आणि त्या देवळात गेल्या की मामा आधी त्या दोन जागा खरवडून घेत. दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते होडी काचेसारखी करत आणि मग काही ना काही निमित्त काढून बाहेर जात. मामी वाटी घेऊन येत. त्या होडीला पाखऱ्याच म्हणत. एकदा धरणावर आल्या, जीव मुठीत धरून होडीत बसल्यासुद्धा, आणि वारा भरून शीड ताणलं गेलं तसं मामांना म्हणाल्या, "अहो, लई ओढायला लावू नका. दमंल त्ये." मामांनी लगेच शीड सैल सोडलं. त्या दिवशी दोघं किनाऱ्याला लागायला संध्याकाळ झाली. काय बोलत होती कुणास ठाऊक, पण मधे तिसरा कुणी नव्हता.

मग एका उन्हाळ्यात मामी गेल्या. दुखणं फार दिवस नव्हतं. त्या वर्षी मामा होडीला हात लावणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी सगळं रीतसर केलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा होडी तयार होती आणि मामा ओट्यावर बसले होते. अंधार पडायला आला तरी ते उठेनात. मी भीत भीत म्हटलं, "मामा, वाटी आणू का मी आतून?" त्यांनी मान हलवली. "नको. ते तिचं काम होतं." सकाळी त्यांनी बूड पुन्हा एकदा टर्पिनने पुसलं आणि रंग दिला.

पुढच्या ज्येष्ठात होडी घरी आली. धरणावर डॉक्टरांनी मामांची पाठ थोपटली होती, "या वर्षी जमलं बघा मामा, कुठं टवकासुद्धा नाही," असं म्हणून सगळ्यांना दाखवलं होतं. आम्ही ती पालथी करून पोत्यांवर ठेवली. ताडपत्री कुणी घातली नाही, ती घालायचं कारण उरलं नव्हतं. मामा पत्र्याची पट्टी घेऊन सवयीने पुढच्या अंगाला गेले आणि तिथं उभे राहिले. एका खांद्याकडून दुसऱ्याकडे गेले, पुन्हा इकडे आले. रंग दोन्हीकडे अखंड होता, नवा असावा तसा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी माणसांचे हात धुतले, ते काम एकदाचं बिनचूक झालं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "रंग धरला हो." आणि मामी गेल्या त्या दिवशीही जो माणूस सगळ्यांदेखत रडला नव्हता, तो तिथं होडीला टेकून रडायला लागला.